सावनेर–बेलदरा शाखा : कधीच न झालेल्या छोट्या लाइनची इंजिनं आणि वाघिणी

लूपलाइन, नागपूर

मी एका छोट्या रेल्वेचं मॉडेल बांधतो आहे, बेलदरा हे तिचं शेवटचं स्टेशन. ते नकाशावर शोधू नका, सापडणार नाही. सावनेर मात्र खरं आहे. नागपूर–छिंदवाडा छोट्या लाइनवरचं, म्हणजे नॅरोगेजवरचं, ते स्टेशन. बंगाल नागपूर रेल्वेची ही लाइन १९१३ मधली, आणि २०१५ च्या शेवटी ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली. माझी काल्पनिक शाखा सावनेरहून पश्चिमेला फुटते, कपाशी आणि संत्र्याच्या पट्ट्यातून जाते आणि टेकड्यांच्या पायथ्याशी बेलदऱ्याला संपते. मधे दोन स्टेशनं, चारखांब आणि तिवसघाट. काळ धरला आहे १९५८ चा.

लाइन काल्पनिक असली की काहीही चालतं, असं बरेच जण समजतात. मला उलट वाटतं. खऱ्या लाइनचं मॉडेल करताना फोटो दाखवला की वाद मिटतो. काल्पनिक लाइनवर प्रत्येक डब्याला विचारावं लागतं, बाबा तू इथे कशासाठी? उत्तर नसेल तर डबा कितीही देखणा असो, तो रुळावर येत नाही. म्हणून मी आधी माल ठरवला, मग वाघिणी, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण पहिल्यांदा इंजिन घेतात आणि नंतर त्याला काम शोधत बसतात.

मालाचा हिशेब असा. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. कापसाची वेचणीही दिवाळीच्याच सुमारास जोर धरते, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर हे दोन महिने सगळ्यात गर्दीचे. बेलदऱ्याला एक जिनिंग-प्रेसिंग आहे. तिथून रुईच्या गाठी निघतात, काही नागपुरात एम्प्रेस मिलला, बाकीच्या पुढे मुंबईला. मे महिन्यात तेंदूपत्ता. पावसाळ्यात निघणारा माल जवळजवळ नाहीच, येणारा थोडा : मीठ, रॉकेल, कापड, बियाणं. आणि वर्षभर इंजिनासाठी पेंच खोऱ्यातला कोळसा.

डबे किती लागतील हे त्या दोन गर्दीच्या महिन्यांवरून ठरलं. संत्र्यासाठी झडपांचे बंद डबे, गाठींसाठी उघड्या वाघिणी ताडपत्रीसकट, कोळशाची एक, उन्हाळ्यात तिवसघाटची विहीर आटते म्हणून पाण्याच्या टाकीची एक वाघीण, प्रवाशांचे दोन डबे आणि गार्डचा ब्रेकचा डबा. इंजिनं दोन. एक रोजच्या कामाचं २-६-२ (पुढे दोन, मधे सहा चालवणारी, मागे दोन चाकं) टँक इंजिन, पाणी-कोळसा स्वतःवरच वाहणारं, दुसरं जुनं, छोटं, सावनेर यार्डात शंटिंगला.

बसवायला जागा आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी. प्रमाण १:८७, रूळ ९ मिलिमीटरचे, म्हणजे दोन रुळांतलं अंतर तेवढं.

ज्यांनी छोट्या लाइनचे डबे जवळून पाहिले आहेत, मोजले आहेत, बनवले आहेत, त्यांनी इथे मंचावर लिहावं ही विनंती.

वाघीणवाला, वर्धा

मनापासून आवडलं. एक शंका. ९ मिलिमीटरचे रूळ म्हणजे एन गेजचे, १:१६० च्या मॉडेलांचे ना? मग १:१६० का नाही? तयार सामान भरपूर मिळतं.

लूपलाइन, नागपूर

१:१६० मध्ये ९ मिलिमीटर म्हणजे परदेशातल्या स्टँडर्ड गेजची, १४३५ मिलिमीटरची लाइन. आपली छोटी लाइन ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. तिला ८७ ने भागा, ८.७६ येतात. ९ च्या रुळावर चूक पाव मिलिमीटरची, डोळ्याला कळतही नाही. या मापाला एचओई म्हणतात आणि ते युरोपातल्या छोट्या लाइनांसाठीच निघालं.

आता ब्रॉडगेज घ्या. १६७६ भागिले ८७ म्हणजे १९.२६ मिलिमीटर. बाजारात एचओचे, म्हणजे १:८७ च्या मॉडेलांचे, रूळ मिळतात १६.५ चे. म्हणजे आपली ब्रॉडगेज गाडी तयार रुळावर ठेवली की खऱ्या मापातली पाऊण फुटाहून जास्त रुंदी हरवते. समोरून पाहिलं की गाडी काठ्यांवर उभी केल्यासारखी दिसते. भारतात एचओमध्ये ब्रॉडगेज करणारे बहुतेक जण ही तडजोड करतात आणि सुंदर काम करतात, पण तडजोड ती आहेच. छोट्या लाइनवाल्याला ती करावीच लागत नाही. आपल्या विदर्भाला मिळालेली ही मोठी सोय आहे आणि तिचा पुरेसा फायदा आपण घेत नाही, असं मला तळमळीने वाटतं.

सांधा, पुणे

मी १:४८ सुचवेन. ७६२ भागिले ४८ म्हणजे १५.९, आणि रूळ १६.५ चे, एचओचेच. फरक इथेही थोडासाच. पण डबा हातात बसतो, दाराची कडी लावता येते, रिव्हेट दिसतात. एचओचे मोटर-चासी एनपेक्षा दणकट असतात, जुने स्वस्तात मिळतात. पहिल्यांदाच हाताने इंजिन बांधणाऱ्याला १:८७ मधली छोटी लाइन म्हणजे डोळ्यांची परीक्षा.

लूपलाइन, नागपूर

तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मोठी खोली असती तर मीही तेच केलं असतं. आठ फुटी फळी १:८७ मध्ये खऱ्यातली साधारण २१२ मीटर होते. एक छोटं स्टेशन, लूप, मालधक्का, पाण्याची टाकी, एवढं त्यात श्वास घेऊन बसतं. १:४८ मध्ये तीच फळी ११७ मीटर. मग फक्त यार्ड उरतं, गावाबाहेरचं शेत येत नाही. मला संत्र्याची बाग हवी आहे.

डबे आधी बनवून पाहायचे असतील, रुळांची घाई नसेल, तर मात्र १:४८ च घ्या, असं कुणालाही सांगेन.

काळी रेगूर, नागपूर

भूशास्त्र शिकवते, म्हणून लिहिते. कुणी तुम्हाला मँगनीजच्या वाघिणी घ्यायला सांगेल, कारण नागपूर जिल्हा म्हटलं की मनसर, कांद्री, गुमगाव आठवतं. घेऊ नका. मँगनीज सौंसर गटाच्या जुन्या रूपांतरित खडकांत आहे, तो पट्टा रामटेक, तिरोडी, बालाघाटकडे जातो. सावनेरच्या पश्चिमेला जाऊ लागलात की दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट, लागतो. त्यात मँगनीजची खाण कुणी काढणार नाही. तुमची संत्री आणि कापूस मात्र अगदी जागेवर आहेत, कारण ती काळी माती त्याच पाषाणाची आहे.

याचा उपयोग मॉडेलमध्येही आहे. रुळाखालची खडी काळपट करड्या बेसाल्टची हवी. बाजारातली तयार खडी फिकट राखाडी किंवा तपकिरी असते, ती परदेशी दिसते. रस्त्याच्या कडेला खडी फोडलेली असते तिथली बारीक भुकटी आणा, चहाच्या गाळणीतून गाळा, मग साडीच्या फॉलच्या कापडातून. दोन चाळण्यांच्या मधे उरेल ती तुमची खडी. आणि एक गोष्ट विसरू नका. बेसाल्टच्या भुकटीत मॅग्नेटाइट असतं. आधी त्यातून चुंबक फिरवून काळी पूड काढून टाका. नाहीतर ती इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटते आणि मोटर अडते.

वाघीणवाला, वर्धा

ताई, हे चुंबकाचं कुणी सांगितलंच नसतं. आणि मी खरोखरच मँगनीजबद्दल लिहायला बसलो होतो.

काळी रेगूर, नागपूर

मग कुणी तुमसर-रामटेक बाजूची काल्पनिक शाखा करत असेल त्याच्यासाठी लिहून ठेवते. मँगनीजचं खनिज तेवढ्याच आकाराच्या कोळशाच्या जवळपास तिप्पट जड. म्हणून वाघीण काठोकाठ भरत नाहीत, वजनाची मर्यादा आधी येते. खनिज तळाला दोन ढिगांत, दोन्हीकडच्या चाकांच्या वर टाकलेलं दिसतं. मॉडेलवाले कोळशासारखी शीग लावतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे एवढं जाणवतं.

कानस, इतवारी

इंजिनाबद्दल मी लिहितो. आमचं घर सराफा ओळीच्या मागे, हत्यारं सगळी सोनाराची. पितळी कामाला यापरतं काही नाही.

बॉयलरसाठी अर्धा इंच बाहेरच्या व्यासाची पितळी नळी घ्या, भांडे ओळीत नाही तर लोहा ओळीत मिळते. १२.७ मिलिमीटर गुणिले ८७ म्हणजे १.१ मीटर. अडीच फुटी लाइनच्या मध्यम इंजिनाला हा व्यास शोभतो. चिमणी आणि घुमट लेथवर करून घ्यायला कुणी परवडत नसेल तर पितळी सळई हँड ड्रिलच्या चकमध्ये धरून ड्रिल टेबलाला बांधा आणि कानशीने आकार द्या. चष्मा घालूनच.

हाताने धरायच्या दांड्यांसाठी तार हवी ०.३ मिलिमीटरची. बाजारात नेमकं माप मिळत नाही, म्हणून जाड तार जंतरपट्टीच्या (सोनाराच्या भोकांच्या पट्टीच्या) भोकातून ओढून बारीक करायची. ओढलेली तार सरळ आणि कडक होते, वाकडी लोंबत नाही. हा दुसरा फायदा.

डाख देताना सगळ्यात मोठा धोका हा की पुढचा जोड देताना मागचा सुटतो. म्हणून जास्त तापमानाच्या डाखाने मोठे भाग आधी, कमी तापमानाच्या डाखाने बारीक भाग नंतर. मधे ओला कापूस ठेवायचा, उष्णता तिथेच थांबते. नवसागर वापरलात तर काम झाल्यावर गरम पाणी आणि ब्रशने धुऊन काढा. राहिला तर काही महिन्यांत हिरवं फुटून येतं आणि वरचा रंगही उचलतं.

रिव्हेट : ०.१५ च्या पातळ पितळी पत्र्यावर मागून बोथट सुईने ठोका, खाली शिसवीचा ठोकळा. ओळ सरळ येण्यासाठी पत्र्यावर आधी आलेखाचा कागद चिकटवा.

झेडडीएमवाला, उमरेड

दादा, एवढं सगळं वाचून राहिलो, पण डिझेल काहूनच नाही घेतलं? आम्ही लहानपणापासून इतवारी–नागभीड लाइनवर झेडडीएम पाहिलं. २०१९ च्या नोव्हेंबरात तीही लाइन बंद झाली. आमच्यासाठी छोटी लाइन म्हणजे तेच इंजिन. आणि बनवायला सोपं आहे : चौकोनी बॉडी, सरळ पत्रे, ना बॉयलर ना दांडे.

लूपलाइन, नागपूर

भाऊ, काळ १९५८ चा धरला एवढंच कारण. झेडडीएम-३ आणि पुढचे प्रकार चित्तरंजनला १९७० नंतर बनले. १९५८ च्या बेलदऱ्यात ते उभं केलं तर शेजारच्या द.पू. (दक्षिण पूर्व रेल्वे) लिहिलेल्या वाघिणीशी त्याचं जमणार नाही.

पण तुमचा आग्रह मी गंभीरपणे घेतो, कारण ज्याने जी लाइन पाहिली तिचंच मॉडेल त्याच्या हातून जिवंत होतं. तुम्ही नागभीड बाजूची शाखा १९८५ ची करा. उमरेडहून पूर्वेला जंगलात जाणारी, बांबू आणि भिवापूरच्या मिरचीची. झेडडीएम-४ए सुरू करा. फक्त बोगी नीट पाहा. सरसकट दोन आसांची समजू नका, चालवणाऱ्या दोन आसांच्या जोडीला बाहेरच्या टोकाला बिनचालक तिसरा आस आहे. तयार चासीवर बॉडी ठेवली की हा तिसरा आस राहून जातो आणि इंजिन ओळखू येत नाही.

झेडडीएमवाला, उमरेड

तिसऱ्या आसाचं माहीत आहे दादा, नागपूरला मोतीबागच्या इंजिन शेडजवळ उभं राहून पाहिलं आहे. मिरचीची गोष्ट भारी आहे. लाल मिरचीची पोती उघड्या वाघिणीत नेतात की बंद?

निवृत्त फलाट, नागपूर

मी उत्तर देतो. पाऊस नसेल तर मिरचीची पोती उघड्यातही चालतात, पण तिखटाची धूळ मागच्या डब्यात जाते आणि प्रवासी खोकून हैराण होतात. म्हणून मिरची बंद डब्यात किंवा ताडपत्रीखाली, आणि शक्यतो प्रवासी डब्यांपासून लांब.

आता लूपलाइन, तुमच्यासाठी. तुमची रोजची गाडी मिश्र गाडी असणार, माल आणि प्रवासी एकत्र. मग डब्यांचा क्रम कामावरून ठरतो. मधल्या स्टेशनांवर ज्या वाघिणी काढायच्या-जोडायच्या त्या इंजिनालगत. प्रवासी डबे मागे, म्हणजे शंटिंग चालू असताना लोक फलाटावर आपल्या डब्यात बसून राहतात, त्यांना पुढेमागे हिसके बसत नाहीत. गार्डचा ब्रेक शेवटी, आणि शेवटच्या डब्याच्या मागे दिवा. मॉडेलवर दिवा विसरू नका. स्टेशनमास्तर तो दिवा पाहूनच ठरवतो की गाडी पूर्ण आली, मधे तुटून काही डबे रानात राहिले नाहीत. त्याशिवाय तो मागच्या स्टेशनला लाइन मोकळी कळवत नाही.

कपलर मधोमध एकच असतो, आणि बफरही तोच. ब्रॉडगेजसारखे दोन बाजूंचे बफर लावू नका. त्याच्या शेजारी व्हॅक्यूम ब्रेकची नळी वर येऊन वाकलेली. तांब्याच्या तारेवर बारीक तार गुंडाळली की नळीच्या वळ्या छान दिसतात.

आणि बेलदऱ्याला इंजिन फिरवायला काय आहे? टर्नटेबल?

लूपलाइन, नागपूर

काका, टर्नटेबल नाही. मुद्दामच टँक इंजिन घेतलं आहे, ते दोन्ही दिशांना सारखं धावतं. एवढ्या छोट्या शाखेला टर्नटेबल बांधायचा खर्च कुठल्या कंपनीने केला असता असं मला वाटत नाही. बेलदऱ्याला फक्त लूप, इंजिन गाडीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला येतं. परतीला ते पाठमोरं धावतं.

यामुळे चढावर इंजिनाचं तोंड कुठल्या दिशेला राहील हे ठरवावं लागलं. चढावर चिमणी पुढे ठेवली तर फायरबॉक्सवर, म्हणजे कोळसा जळतो त्या भट्टीवर, पाणी साठून राहतं. चढावर इंजिन पाठमोरं असेल तर पाणी पुढच्या टोकाला जातं आणि फायरबॉक्सचा माथा उघडा पडण्याचा धोका वाढतो. चढ बेलदऱ्याकडे आहे, म्हणून इंजिनाचं तोंड बेलदऱ्याकडे. सगळ्या फोटोंत ते तसंच दिसेल.

निवृत्त फलाट, नागपूर

शाबास. हे कळलं की पाहणारा रेल्वेवाला तुमच्या फळीसमोरून हलणार नाही.

नवा खलाशी, चंद्रपूर

मला यातलं काहीच येत नाही, पण करायचं आहे. पितळ, डाख, जंतरपट्टी वाचून घाबरलो. सगळ्यात आधी काय बनवू?

लूपलाइन, नागपूर

गाठींची उघडी वाघीण. चार भिंती, एक तळ, चार चाकं. दीड मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटवर भिंतीच्या फळ्यांच्या रेषा बोथट सुरीने ओढा, सुरी धारेची नको, पाठीची. ओढताना रेषेच्या दोन्ही कडांना जो उठाव येतो तो बारीक पॉलिश पेपरने बसवा. चाकं मात्र धातूची विकत घ्या, प्लॅस्टिकच्या चाकांना धूळ चिकटते आणि तीच रुळावर पसरते. चासी अगदी सपाट काचेवर ठेवून चारही चाकं टेकतात का पाहा. एक जरी उचललं असेल तर सांध्यावर डबा पडणार.

मग वजन. अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेची छोट्या लाइनसाठी, एचओएन३ ची, शिफारस आहे : पाऊण औंस अधिक लांबीच्या दर इंचाला तीन अष्टमांश औंस. आपल्या आठ सेंटिमीटरच्या डब्याला ते साधारण ५५ ग्रॅम होतात. एनच्या छोट्या चासीवरच्या इंजिनाला चढावर हे भारी पडतं, म्हणून मी प्रत्येक डबा त्याच्या निम्म्यावर ठेवणार आहे. आकड्यापेक्षा सगळे डबे आपसात सारखे असणं जास्त महत्त्वाचं. हलका डबा जड डब्यांच्या मधे आला की वळणावर आत ओढला जातो.

वजनासाठी शिशाचे छर्रे वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. बंद जागेत, म्हणजे बॉयलरमध्ये किंवा टाकीत, ते पांढऱ्या गोंदाने कधीही बसवू नका. शिसं आणि तो गोंद यांची प्रक्रिया होऊन ते वर्षानुवर्षं फुगत जातं आणि बॉयलर आतून फाडतं. इपॉक्सी वापरा, किंवा शिशाऐवजी पितळाचे तुकडे.

रंगपेटी, धरमपेठ

थ्री-डी प्रिंटबद्दल कुणीच बोललं नाही. संत्र्याच्या डब्याच्या झडपा हाताने कापणार का? एका बाजूला किती पट्ट्या! प्रिंट करून घ्या.

लूपलाइन, नागपूर

रंगपेटीताई, झडपांचे पॅनल रेझिनमध्ये प्रिंट करूनच घेणार आहे, तिथे हट्ट नाही. पीएलएच्या प्रिंटला मात्र मी नागपुरात घाबरतो. ते साठेक अंशांना मऊ पडतं. टिनाच्या खोलीत किंवा बंद गाडीत मे महिन्यात डबा राहिला तर छप्पर खचतं. रेझिनही उन्हात ठेवलं तर ठिसूळ होतं, पण रंगाखाली, सावलीत टिकतं.

रंगपेटी, धरमपेठ

मग रंगाबद्दल माझ्याकडून. नागपूरच्या उन्हाळ्यात एअरब्रशमधून निघालेला अॅक्रिलिक रंग डब्यावर पोहोचायच्या आतच वाळतो आणि पृष्ठभागाला खरखरीत धूळ बसते. पहाटे काम करा, रंगाचं वाळणं लांबवणारा रिटार्डर घाला, नोझल जवळ धरा. पावसाळ्यात उलटं, लॅकरवर पांढरट ढग येतात. माझ्या मते नागपुरात डबे रंगवायचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तुमच्या संत्र्याबरोबरच.

अक्षरांचं काय ठरवलंत? १९५८ म्हणजे बी.एन.आर. जाऊन बराच काळ झाला होता.

लूपलाइन, नागपूर

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण डबा कुठल्या काळातला आहे हे अक्षरंच सांगतात. बंगाल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारकडे आली, १४ एप्रिल १९५२ ला पूर्व रेल्वेत गेली, आणि १ ऑगस्ट १९५५ ला दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली. म्हणून माझे नवे रंगवलेले डबे द.पू. आणि एस.ई. लिहिलेले. पण सगळे डबे एकाच दिवशी कारखान्यात जात नाहीत. एका जुन्या वाघिणीवर जुनी अक्षरं अर्धवट पुसलेली दिसतील, आणि त्याच्यावर नवी.

स्टेशनच्या पाटीचाही असाच विचार केला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. १९५८ मध्ये महाराष्ट्र अजून व्हायचा आहे. पार्सल ऑफिसच्या भिंतीवर नव्या पैशांतला भाडेतक्ता लावणार आहे, कारण नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. शेजारी आण्यांतला जुना तक्ता अर्धा फाडलेला.

वाघीणवाला, वर्धा

सावनेरच का निवडलं? इतवारीला छोटी आणि मोठी लाइन शेजारी होती, माल या गाडीतून त्या गाडीत चढवायचे. ते दृश्य मॉडेलला किती सुंदर!

लूपलाइन, नागपूर

सुंदर आहेच. पण शेजारी ब्रॉडगेज आली की १९.२६ मिलिमीटरचे रूळ हाताने घालावे लागतील, स्लीपर कापून, एकेक खिळा ठोकून. १६.५ चे तयार रूळ ९ च्या शेजारी ठेवले तर दोन्हींचं खरं गुणोत्तर बिघडतं. खऱ्यात मोठी लाइन छोटीच्या २.२ पट, तयार रुळांत ती १.८३ पट होते. कुणी हाताने १९.२६ चे रूळ घातले तर मी तो फलाट पाहायला गावोगाव येईन.

सांधा, पुणे

काल्पनिक शाखा आणि शिस्त या विषयावर एक भर. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून मॅडर व्हॅली नावाची काल्पनिक लाइन बांधली, डबे-इंजिनं बरीचशी हाताची. ती आज ऑक्सफर्डशायरमध्ये पेंडनच्या संग्रहालयात जपली आहे. आपल्याकडे पुण्यात जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे मुलांना जरूर न्या. पण आपल्या मातीतली काल्पनिक शाखा मी तरी अजून पाहिलेली नाही.

रूळ घालताना फटी किती ठेवणार? तुमच्याकडचं ऊन फार.

लूपलाइन, नागपूर

निकेल सिल्व्हरचा रूळ तीस अंशांच्या फरकाला दर मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. माझ्या फळीला सव्वा मिलिमीटरच्या आसपास. हिवाळ्यात रूळ घातले तर दर जोडाला कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायची. जोड रुळाच्या लांबीच्या दिशेने सरकायला मोकळे ठेवायचे, वीज मात्र प्रत्येक तुकड्याला खालून वेगळ्या तारेने. खरी हालचाल लाकडाची असते. पावसाळ्यात फुगतं, मेमध्ये आकसतं. म्हणून प्लायच्या सगळ्या कडा आणि खालची बाजूसुद्धा रंगवून बंद करायची. खालची बाजू कुणी रंगवत नाही आणि तिथूनच ओल शिरते.

कानस, इतवारी

बॉयलरच्या नळीसाठी रविवारी लोहा ओळीत जाणार आहे. लूपलाइन, तुमच्यासाठीही आणू का? आणि मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात एकदा टेप घेऊन जाऊ या. २००२ च्या डिसेंबरपासून ते खुलं आहे आणि अजून आपल्यापैकी किती जणांनी तिथल्या डब्यांची दारं मोजली आहेत? दाराची रुंदी, पायरीची उंची, खिडकीच्या गजांमधलं अंतर, हे फोटोवरून कधीच नीट येत नाही.

लूपलाइन, नागपूर

नळी आणा, दोन फूट पुरेल. संग्रहालयासाठी मी यादी करतो : पायरी रुळाच्या माथ्यापासून किती वर, बाकांची उंची, गार्डच्या ब्रेकच्या हातचाकाचा व्यास, छताची गोलाई. गोलाईसाठी पुठ्ठ्याचा साचा कापून नेतो, टोकाच्या भिंतीला लावून कमी-जास्त करू. मोजायची परवानगी आधी विचारून घेतो. झेडडीएमवाला, तुम्हीही या. काका, तुम्हाला जमेल का?

निवृत्त फलाट, नागपूर

येतो. सकाळचीच वेळ घ्या, दुपारी पत्रा हात लावू देत नाही. ब्रेकच्या डब्याचं हातचाक मोजताना त्याच्या दांड्याची जागाही मोजा. ते मधोमध आहे की कडेला, यावरून गार्ड कुठे उभा राहायचा आणि खिडकी कुठे हवी, दोन्ही कळतं.